नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत: प्लेस्टेशन ४ ची डिस्क बदलण्याच्या नोंदी

१२ मे २०२४, रविवार

दुपारी भाचा हॉलमधून ओरडला, "मामा, पाहा ना, पुन्हा अटकून राहिलं!" या आठवड्यातली ही चौथी वेळ. पडद्यावर गोलंदाजाचा हात हवेतच थांबलेला, प्रेक्षकांचा आवाज मात्र चालू. दोन-तीन मिनिटांनी गेम आपोआप बंद पडला आणि सीई-३४८७८-० हा कोड आला. गेम कोसळला, एवढंच या कोडवरून कळतं. का कोसळला ते आपणच शोधायचं.

टीव्हीचा आवाज बंद केला, कूलर बंद केला आणि कान कन्सोलला लावला. पंख्याच्या घरघरीमागे आणखी एक आवाज होता. टक्... टक्... मग किर्र, मग थोडी शांतता आणि पुन्हा टक्. डिस्कचं डोकं एखादी जागा वाचायला जातं, वाचता आली नाही की परत येतं, पुन्हा जातं. हा आवाज मी ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये ऐकलेला आहे आणि तिथे पुढे काय झालं तेही पाहिलेलं आहे.

कन्सोल प्लेस्टेशन ४ स्लिम. २०१७ च्या दिवाळीत मी आणि धाकट्या भावाने पैसे जमवून घेतलेला. आत ५०० जीबीची साधी फिरती डिस्क, मिनिटाला ५,४०० फेरे. मॅन्युअल काढून पाहिलं तर वापरायच्या जागेचं तापमान ५ ते ३५ अंश असावं असं लिहिलंय. मे महिन्यात नागपूरला आमच्या हॉलमध्ये कूलर चालू असताना ३४ असतं, कूलर बंद झाला की ३८. टीव्हीखालच्या बंद कप्प्यात किती होत असेल, तो विचार मी सात उन्हाळ्यांत एकदाही केला नाही. आज कन्सोल त्या कप्प्यातून बाहेर काढून मोकळ्या स्टुलावर ठेवला. कूलरच्या थेट झोतात मात्र नाही, त्या हवेत पाण्याचा अंश फार असतो.

भाच्याला सांगितलं, आजपासून गेम बंद. तोंड पडलं त्याचं. वर्ध्याहून सुट्टीत आलाय बिचारा आणि विदर्भातल्या शाळा उघडायला अजून बराच वेळ आहे.

१३ मे

रात्री धाकट्याला पुण्याला फोन केला. डिस्क जायला आलीय म्हटल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "दादा, माझी टीम त्यातच आहे ना?"

त्याच्या टीमबद्दल लिहून ठेवतो, कारण हे सगळं काम तिच्यासाठीच करायचं आहे. १ जानेवारी २०१८ ला विदर्भाने इंदूरमध्ये दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली. त्या आठवड्यात धाकट्याने क्रिकेटच्या गेममध्ये विदर्भाचा संघ हाताने बनवला. गेममध्ये तो नव्हताच. एकेक खेळाडू, त्याची उंची, बॅटिंगचा हात, जर्सीचा रंग, सगळं कंट्रोलरने टिपून टिपून. सलामीला स्वतःला घेतलं. पुढच्या वर्षी जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने पुन्हा रणजी जिंकली तेव्हा त्याचा तिसरा मोसम चालू होता. पुण्याला नोकरी लागेपर्यंत सात मोसम झाले. ते सगळं या टक् टक् करणाऱ्या डिस्कवर आहे आणि दुसरीकडे कुठेच नाही.

कुठेच नाही, कारण त्याचं प्रोफाइल ऑफलाइन आहे. तेव्हा घरी इंटरनेट मोबाइलपुरतंच होतं, म्हणून प्लेस्टेशन नेटवर्कचं खातं न जोडता नुसतं नाव टाकून प्रोफाइल बनवलं होतं. क्लाउडमध्ये काही गेलेलं असण्याचा प्रश्नच नाही.

१४ मे

काय बदलायचं ते ठरवलं.

यूएसबीवर बाहेरची डिस्क लावणं हा सगळ्यात सोपा मार्ग. मार्च २०१७ च्या ४.५० अपडेटपासून ती सोय आहे, २५० जीबीपासून ८ टीबीपर्यंत. पण बाहेरच्या डिस्कवर फक्त गेम जातात. सेव्ह, म्हणजे खेळाची जतन केलेली प्रगती, आणि सिस्टिम आतल्याच डिस्कवर राहतात आणि माझी आतलीच मरतेय. म्हणून तो मार्ग बाद.

आत साटा जोडणीची २.५ इंची डिस्क बसते, जाडी ९.५ मिमीपर्यंत चालते. साटा एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, ७ मिमीची असते, म्हणजे अडचण नाही. एम.२ ची चपटी पट्टी यात बसत नाही, ती प्लेस्टेशन ५ ची गोष्ट. डिस्क बदलायची कृती कंपनीच्याच मॅन्युअलमध्ये चित्रांसकट दिलेली आहे, त्यामुळे कन्सोल पूर्ण उघडायची गरज नाही.

नवी फिरती डिस्क स्वस्तात मिळते. तरी मी एसएसडी घेणार. वेग हे कारण आहेच, पण या शहरात मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की तिच्यात फिरणारं काही नाही. लाईट अचानक गेली तर तबकडीवरून परत फिरायला तिच्यात डोकंच नाही.

१८ मे, शनिवार

सुट्टीचा दिवस, बॅकअप घ्यायला बसलो. मनाशी क्रम ठरवला होता: आधी लहान आणि पुन्हा न मिळणारं, मग मोठं, आणि गेम अजिबात नाही. गेम परत डाउनलोड होतात, बाकीच्यांच्या चकत्या कपाटात आहेत.

माझ्या प्रोफाइलचे सेव्ह पेनड्राइव्हवर घेतले. सेटिंग्जमध्ये ॲप्लिकेशन सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंटमध्ये जाऊन यूएसबीवर कॉपी. दहा मिनिटांत झालं. ट्रॉफी, म्हणजे खेळात मिळालेली बक्षिसं, बॅकअपमध्ये येत नाहीत, त्या सर्व्हरशी वेगळ्या सिंक कराव्या लागतात, तेही करून घेतलं.

धाकट्याच्या प्रोफाइलमध्ये शिरून त्याचाही सेव्ह कॉपी केला, पण त्यावर माझा भरवसा नाही. सेव्ह प्रोफाइलच्या ओळखीशी बांधलेला असतो. नव्या डिस्कवर त्याच नावाचं ऑफलाइन प्रोफाइल पुन्हा बनवलं तरी कन्सोलच्या लेखी तो दुसरा माणूस. म्हणून संपूर्ण बॅकअपच हवा. तो त्याच कन्सोलवर परत चढवला की प्रोफाइलसकट सगळं जसंच्या तसं येतं.

बाहेरची डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली, बॅकअप सुरू केला. कन्सोल रीस्टार्ट झाला, टक्केवारी हळूहळू सरकायला लागली. ३१ टक्क्यांवर वीस मिनिटं थांबला. टक् टक् हॉलच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होती. दुपारी अडीच वाजता, ४६ टक्क्यांवर, लाईट गेली.

घरी इन्व्हर्टर आहे. पंखे क्षणभर अडखळून पुन्हा फिरायला लागले, पण तेवढ्या क्षणात कन्सोल बंद पडला. पुन्हा चालू केल्यावर मशीन नीट बंद केली नव्हती असा निरोप आला आणि त्याने स्वतःहून स्टोरेज तपासायला घेतलं. त्या तपासणीची पट्टी पाऊण तास सरकत होती आणि मी समोर बसून होतो. आई पाणी घेऊन आली. "काहून रे, काय झालं त्या डब्याचं? चेहरा असा काहून केला?" तिला सांगितलं. तीही माझ्याजवळ बसली आणि पट्टीकडे बघत राहिली. शेवटी लॉगिनचा पडदा आला. धाकट्याचं प्रोफाइल जागेवर होतं.

मी लगेच कन्सोल बंद केला. आज आणखी काही करायचं नाही.

१९ मे, रविवार, पहाट

इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, त्यावर यूपीएस असं लिहिलेलं. ते साध्या मोडवर होतं. यूपीएस मोडवर टाकलं की लाईट गेल्यावर बॅटरीवर जायला लागणारा वेळ इतका कमी होतो की कॉम्प्युटरसारखी यंत्रं बंद पडत नाहीत. सात वर्षं कुणी ते बटण पाहिलंच नव्हतं. मेन बंद करून परीक्षा घेतली, टीव्ही हललाही नाही.

रीबिल्ड डेटाबेस करून पाहा, असा सल्ला मित्राने दिला होता. सेफ मोडमधला, म्हणजे कन्सोलच्या दुरुस्तीच्या मेन्यूमधला, पाचवा पर्याय. एरवी चांगला उपाय आहे, पण तो अख्खी डिस्क वाचून काढतो. मरायला टेकलेल्या डिस्ककडून मला एकच शेवटचं काम करून घ्यायचं होतं आणि ते काम तपासणीचं नव्हतं. केलं नाही.

गजर साडेचारचा. मे महिन्यात नागपूरला त्यातल्या त्यात गारवा असतो तो तेव्हाच. खिडक्या उघडल्या, टेबल फॅन कन्सोलकडे वळवला. बॅकअपच्या यादीत गेमसमोरची खूण काढून टाकली. काल मी ती तशीच ठेवली होती आणि खराब जागा बहुधा एखाद्या गेमच्या फाइलीत असावी. नुसते सेव्ह, प्रोफाइलं, फोटो आणि क्लिपा: २१ जीबी.

चार बावन्नला सुरू. पहिल्या दहा मिनिटांत दोनदा टक् झालं, मग नाही. सव्वापाचला समोरच्या घरात रेडिओ लागला. पाच छत्तीसला बॅकअप पूर्ण झाल्याचा निरोप आला.

बाहेरची डिस्क कॉम्प्युटरला लावून तिची आणखी एक प्रत केली. धाकट्याला मेसेज टाकला: "टीम वाचली." तो इतक्या पहाटे जागा असेल असं वाटलं नव्हतं, पण लगेच उत्तर आलं. त्यानंतर मी आणि भाचा तर्री पोहे खायला गेलो.

२१ मे

संध्याकाळी ऊन उतरल्यावर बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात. मेट्रोने गेलो, गाडीची सीट हात लावू देत नव्हती. पहिल्या दुकानात मला १ टीबीची एसएसडी इतक्या कमी भावात दाखवली की तिथेच संशय आला. खोक्यावर किती डेटा लिहिता येईल त्याचा आकडा नाही, वॉरंटीचा कागद नाही. सोडून दिली.

तो आकडा मी मुद्दाम पाहतो, कारण हा कन्सोल खेळताना मागची १५ मिनिटं सतत रेकॉर्ड करत असतो. म्हणजे तुम्ही काही सेव्ह केलं नाही तरी डिस्कवर लिहिणं चालूच. दुसऱ्या दुकानात घेतलेल्या १ टीबीच्या एसएसडीवर ३६० टीबीडब्ल्यू लिहिलंय, म्हणजे आयुष्यभरात ३६० टीबी लिहायची हमी, आणि पाच वर्षांची वॉरंटी. रोज १०० जीबी लिहिलं तरी नऊ वर्षं पुरेल. ६,९०० रुपये, पक्कं बिल. निम्मे धाकट्याने लगेच पाठवले. कन्सोल घेतानाही आमचं असंच ठरलं होतं.

२२ मे

मागच्या कोपऱ्यातलं प्लॅस्टिकचं झाकण सरकवून काढलं. आत एकच स्क्रू, त्याच्या डोक्यावर गोल, फुली, चौकोन, त्रिकोण कोरलेले, म्हणजे कुठला काढायचा हे चुकायचं कारण नाही. तो निघाला आणि डिस्कचा ट्रे ओढला की सरकत बाहेर आला. झाकणाच्या आतल्या कडेला धुळीची राखाडी पट्टी जमलेली, बोटाने उचलली तर नमद्यासारखी अखंड निघून आली. इथल्या कोरड्या हवेत दाराच्या कडीलाही चटका बसतो, म्हणून डिस्कला हात लावायच्या आधी प्रत्येक वेळी खिडकीच्या गजाला हात लावत होतो.

ट्रेला डिस्क चार स्क्रूंनी धरलेली असते. तीन निघाले. चौथा निघाला नाही.

माझ्या पेचकसाचं टोक झिजलेलं होतं. पहिल्या वळशाला ते खाचेतून निसटलं. मी जोर वाढवला, ते पुन्हा निसटलं आणि पितळी रंगाचा बारीक चुरा बोटाला लागला. तिसऱ्या वेळी पाहिलं तर फुलीच्या चारही कडा गोल झालेल्या. रबर बँड मधे ठेवून पेचकस दाबून फिरवायची युक्ती केली, रबराला भोक पडलं. तिथे थांबलो. ड्रिल घेतलं असतं तर धातूचा कीस ट्रेमध्ये सांडला असता.

२३ मे

ऑफिस सुटल्यावर ट्रे रुमालात गुंडाळून ओळखीच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या काकांकडे नेला. त्यांनी भिंगाखाली स्क्रू पाहिला.

"काहून इतका जोर लावला जी? हा जोर लावून नाही, दाबून निघते."

त्यांनी ड्रॉवरमधून एक पेचकस काढला. टोक माझ्याहून थोडं बोथट, पण कडा धारदार. ते खाचेत टेकवून मुठीच्या मागच्या बाजूवर लहान हातोडीने दोन हलके टोले दिले. गोल झालेल्या कडांत टोक रुतलं. मग तळहात मुठीवर, शरीराचा सगळा भार सरळ खाली, आणि मनगट जेमतेम पाव वळसा. कट्. बारीक आवाज झाला आणि स्क्रू सैल. नवा स्क्रू त्यांनी डबीतून शोधून दिला. पैसे विचारले तर म्हणाले, "याचे काय घेऊ? पेचकस चांगला घेऊन ठेवा." तिथूनच घेतला.

घरी येऊन एसएसडी ट्रेमध्ये बसवली. ट्रे आत, स्क्रू, झाकण: सात मिनिटं. हातात धरल्यावर कन्सोल हलका लागतो.

२४ मे

नवी डिस्क कोरी असते, तिच्यावर सिस्टिम सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून घालावं लागतं. पेनड्राइव्हवर पीएस४ नावाचं फोल्डर, त्यात अपडेट नावाचं फोल्डर, दोन्ही नावं मोठ्या अक्षरांत, आणि त्यात पप प्रकारची फाइल. कंट्रोलर केबलने जोडावाच लागतो, बिनतारी चालत नाही. केबलही डेटा नेणारी हवी, नुसती चार्जिंगची नको.

चालू केलं तर एसयू-४१३३३-४ हा चुकीचा कोड आला, म्हणजे हवी ती फाइल सापडली नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. अर्धा तास गेल्यावर लक्षात आलं की मी साध्या अपडेटची फाइल उतरवली होती. कंपनीच्या साइटवर दोन फाइली आहेत आणि दोघींचं नाव एकच. चालू सिस्टिम पुढे नेणारी जेमतेम अर्ध्या जीबीची, कोऱ्या डिस्कवर सगळं नव्याने घालणारी जवळजवळ दुप्पट मोठी. पानाच्या खालच्या भागातली, रीइन्स्टॉलची, ती हवी. ती उतरवली तर कॉम्प्युटरने तिच्या नावापुढे कंसात १ लावला, कारण आधीची त्याच नावाची फाइल तिथेच होती. तो कंस काढल्याशिवाय कन्सोल तिला ओळखत नाही. हे कुणाचंही होऊ शकतं म्हणून लिहून ठेवतोय.

सेफ मोडचा सातवा पर्याय निवडला. इन्स्टॉल, रीस्टार्ट, भाषा, वेळ. कन्सोल अगदी नवा असल्यासारखा माझ्याकडे बघत होता, एकही नाव ओळखीचं नाही.

मग बाहेरची डिस्क लावली, सेटिंग्ज, सिस्टिम, बॅकअप अँड रिस्टोअर. कन्सोलवर आत्ता असलेलं सगळं पुसलं जाईल अशी सूचना येते, ती नीट वाचून होय म्हटलं. रात्री अकरा ते अकरा बावीस.

लॉगिनच्या पडद्यावर दोन नावं. मी धाकट्याचं निवडलं. गेम अजून नव्हता, चकतीवरून चढवला, त्याला आणखी पंचवीस मिनिटं. व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टीव्हीसमोर धरला. मेन्यू आला, करिअर, सातवा मोसम, विदर्भ. सलामीची जोडी, त्यातलं पहिलं नाव त्याचं. तो काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "जर्सी दाखव ना." दाखवली.

आता उद्या नवतपा खुशाल लागू दे.

३१ मे

कालपासून सगळ्यांच्या फोनवर एकच बातमी, नागपुरात ५६ अंश. एका स्वयंचलित केंद्रावर तशी नोंद झाली होती खरी, पण सेन्सर बिघडल्यामुळे आकडा चुकल्याचं हवामान खात्याने सांगितलं. बाकीच्या केंद्रांवर ४४ च्या आसपास होतं. तेवढंही कमी नाही. कन्सोल दुपारी बारा ते पाच बंद, हा घरचा नियम आता कायम.

घड्याळ लावून घेतलेल्या वेळा. जुन्या डिस्कच्या मी १२ तारखेला घेऊन ठेवल्या होत्या. कन्सोल चालू होऊन लॉगिनपर्यंत: आधी ४१ सेकंद, आता २४. मोठ्या मोकळ्या नकाशाचा गेम मेन्यूपासून रस्त्यावर येईपर्यंत: आधी १ मिनिट ५२, आता १ मिनिट ६. क्रिकेटचा सामना: ३८ वरून २५. एसएसडी कॉम्प्युटरमध्ये जेवढी धावते तेवढी इथे धावत नाही, जुन्या यंत्राचा बाकीचा भाग तिला अडवतो. फक्त वेगासाठी ६,९०० रुपये घालायचे असतील तर मी कुणाला आग्रह करणार नाही. डिस्क आवाज करत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका.

१ टीबीपैकी वापरायला ८६० जीबीच्या आसपास मिळतात, ५०० च्या डिस्कवर ४०८ मिळत होते. भाच्याने तीन गेम चढवूनही जागा उरली.

९ जून, रविवार

मृग लागून दोन दिवस झाले. आभाळ येतं आणि जातं.

जुनी डिस्क यूएसबी डब्यात घालून कॉम्प्युटरला लावली. विंडोजला तिच्यात काही वाचता येत नाही, कन्सोल सगळं स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद करून ठेवतो. पण डिस्कच्या तब्येतीची स्मार्ट नोंद वाचता येते. खराब म्हणून बदलून टाकलेले सेक्टर, म्हणजे डिस्कचे बारीक कप्पे, २१६, अजून वाचायचे बाकी असलेले ४८. दुसऱ्या आकड्यातला एखादा सेक्टर धाकट्याच्या सेव्हमध्ये असता तर पहाटेच्या बॅकअपनेही काही झालं नसतं. डिस्कवर तारीख आणि "वापरू नये" असं लिहून ड्रॉवरमध्ये ठेवली, ई-कचऱ्यात द्यायची आहे.

शेवटचं राहिलेलं काम आज केलं. धाकटा शनिवार-रविवार आलाय. त्याने त्याच्या प्रोफाइलला स्वतःचं नेटवर्क खातं जोडलं, सेव्हची ताजी प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि तो पेनड्राइव्ह बॅगेत टाकला. आता हॉलमधून भाच्याचा आवाज येतोय. मोसम सातवा, आठवी मॅच, आणि धाकटा मामा त्याला बॅटिंग देत नाहीये.